शेडमधलं वळण

राजेशम गेल्याचं मला फ्लेक्सवरून कळलं. गुरुवार होता, ते दवाखान्यात होते म्हणून संध्याकाळी त्यांच्या घरी चौकशी करायला निघालो होतो. पूर्व भागातल्या त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी दोन माणसं विजेच्या खांबाला फ्लेक्स बांधत होती आणि वाऱ्यानं त्याचा एक कोपरा सारखा सुटत होता, म्हणून मी स्कूटर थांबवून बघत राहिलो. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली जाड मिशांचा, चापून भांग पाडलेला पस्तिशीतला एक माणूस. ओळखीचा वाटला नाही. मग नाव वाचलं. लिहायची लाज वाटते, पण माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर वय चुकीचं छापलंय. एकसष्ट छापलं होतं, राजेशम त्रेसष्टचे होते. बांधणाऱ्याला मी तसं सांगायलाही निघालो होतो. तोंड उघडलं, आणि मग आपण काय वाचलंय ते कळलं... दोनच दिवसांपूर्वी त्यांना दवाखान्यात भेटून आलो होतो. तेव्हा ते माझ्याशी बोलले होते. पहाटे गेले म्हणे. सकाळीच सगळं उरकलं, आणि घाईत मला कळवायचं राहून गेलं.

माझी ही चुका काढायची खोड जुनी. तांत्रिक शाळेत पस्तीस वर्षं ड्रॉइंग शिकवलं, मुलांच्या कागदावर लाल पेन्सिल फिरवत आयुष्य गेलं. बायको म्हणते, तुम्हाला देवळात नेलं तरी हात जोडायच्या आधी खांब ओळंब्यात आहे का ते बघाल. निवृत्त झाल्यावर छोट्या रेल्वेचा नाद लागला. खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या भागाइतकी गाडी, तितकेच बारीक रूळ, सिग्नल, पूल, प्लॅटफॉर्मवर बोटाच्या पेराएवढी माणसं. एका मोठ्या फळीवर हे सगळं मांडलं की त्याला आम्ही लेआउट म्हणतो. सोलापुरात हा नाद असलेले आम्ही पाच जण होतो, आणि बाकीच्या गावानं आम्हाला वेड्यात काढलं होतं. आमच्यात एक रीत पडून गेली होती. कुणाचा लेआउट बघायला गेलं की पाहुण्यानं निदान एक चूक काढायची. चूक काढल्याशिवाय चहा नाही. चूक निघाली की यजमानानं रागवायचं नाही, वहीत टिपून घ्यायची आणि मग कपबश्या बाहेर आणायच्या. ही रीत पाडली मीच. सर्वांत जास्त चहाही मीच प्यालो असेन.

आमच्यातले एक इक्बालभाई. त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. पाच वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात एकदा ते म्हणाले, यंत्रमागावरचा एक फिटर माझ्याकडून केसाएवढी वायर घेऊन जातो, जुन्या टेपरेकॉर्डरच्या मोटारी मागतो, बहुतेक आपल्याच जातीचा दिसतो. आम्ही दोघं पत्ता काढून गेलो. बाहेरच्या खोलीत भिंतीवर एका तरुण मुलाचा हार घातलेला फोटो होता. मी तो पाहिला. अगदी नीट आठवतं, पाहिला. फ्रेम जरा तिरकी होती. पण मागच्या शेडच्या उघड्या दारातून मला रूळ दिसत होते, आणि रूळ दिसले की मला दुसरं काही दिसत नाही. फोटो कुणाचा, हे विचारायचं मला सुचलं नाही. इक्बालभाईंनी पुढं जाता जाता छातीला हात लावला, तेवढाही शहाणपणा माझ्यात नव्हता.

शेडमध्ये पूर्वी त्यांचे स्वतःचे चार माग होते. ते भंगारात गेले होते, फरशीत त्यांचे बोल्ट तेवढे उरले होते. त्या लांबलचक जागेत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत राजेशमनी लेआउट मांडला होता, आणि मी थक्क झालो. बाजारातून आणलेली एक वस्तू त्यात नव्हती. आम्ही बाकीचे परदेशी इंजिनं मागवून मिरवणारे. ह्या माणसानं मागाच्या फणीतल्या पोलादी पट्ट्या तासून रूळ केले होते, मागावरचे लाकडी धोटे कापून डबे केले होते, रंगवलेल्या सुताची टोकं चिकटवून गवत उगवलं होतं, काथ्या पिंजून बाभळी केल्या होत्या. रुळाखालची खडी तीन चाळण्यांतून चाळलेली. पण त्यात स्टेशन नव्हतं. घर नव्हतं, माणूस नव्हता. डावीकडून रूळ निघायचा, मध्ये एक मोठं वळण घ्यायचा, बाभळींच्या दाट झाडीतून बाहेर पडायचा, एक पायवाट ओलांडायचा आणि छोट्या मोरीवरून उजव्या भिंतीशी संपायचा. बस्स. असा लेआउट मी पाहिला नव्हता. स्टेशन का नाही, म्हणून विचारलं तर म्हणाले, "एवढंच करायचं होतं, सर."

बारीक चणीचा, कमी बोलणारा, बोलताना मध्येच थांबून श्वास घेणारा माणूस. मागांच्या शेडमध्ये चाळीस वर्षं कापसाची धूळ गिळली होती त्यानं. मी नेहमीसारखा वाकून डोळा रुळाच्या पातळीला आणला आणि चूक शोधायला लागलो. पहिली चूक सापडली ती उंचीची. लेआउट फार खाली होता, जमिनीपासून जेमतेम दोन फूट. असा उभ्यानं काय दिसणार, असं म्हटलं. ते म्हणाले, बसून बघायचाय. तेव्हाच त्यांच्या पत्नी येऊन शेडच्या उंबऱ्याशी जमिनीवर बसल्या, मांडीवर विड्यांचं सूप. लक्ष्मीबाई नाव त्यांचं, मी पुढं वहिनी म्हणायला लागलो. त्या बसल्या आणि त्यांचे डोळे नेमके रुळाच्या उंचीला आले. राजेशमनी बटण दाबलं. गाडी डावीकडून निघाली, वळणाआड गेली, दिसेनाशी झाली आणि एकदम झाडीतून पायवाटेवर आली. इतकी अचानक, की इक्बालभाई दचकले. वहिनींनी ती जाईपर्यंत विडी वळायचं थांबवलं होतं. गाडी थांबल्यावर त्यांचे हात पुन्हा सुरू झाले. हे रोज संध्याकाळी एकदा व्हायचं, असं नंतर कळलं. मला वाटलं, काय भाग्यवान माणूस, बायको रोज कौतुकानं येऊन बसते. आमच्या घरी लेआउटवर वाळत घातलेले पापड सापडतात.

हा कुठला भाग, खरा की मनातला, असं मी खोदून खोदून विचारलं. राजेशमना खोटं बोलायची सवय नव्हती. गावाचं नाव सांगून टाकलं त्यांनी. शहराबाहेर दक्षिणेकडं जाणाऱ्या लोहमार्गावरचं ते एक गाव, त्याच्या अलीकडं मोरीपाशी ही पायवाट. ते नाव इथं लिहीत नाही.

पुढच्या रविवारी मी टेप, ग्राफपेपर आणि पाण्याची बाटली घेऊन तिथं गेलो. आमच्या नादातला माणूसच हे करेल. दुसऱ्याच्या लेआउटमधली चूक काढायला उन्हातान्हात पंचवीस किलोमीटर स्कूटर हाकेल. मोरी सापडली, पायवाट सापडली, ज्वारीचं रान सापडलं. वळण सापडेना. पायवाटेशी उभा राहिलो आणि दोन्हीकडं पाहिलं. रूळ सुतानं आखल्यासारखा सरळ. बाभूळ एकच, तीही रानाच्या बांधावर, रुळापासून कितीतरी लांब. रुळाच्या कडेकडेनं चालत खालचे आडवे स्लीपर मोजले, अंतरं टिपली, नकाशा काढला. मनात आनंद मावत नव्हता. जागा अपुरी असली की आम्ही सगळेच सरळ रूळ वाकवतो, त्याला चूक म्हणत नाही. पण राजेशमची शेड चांगली लांब होती, सरळ रूळ आरामात बसला असता. म्हणजे हे वळण चुकून घातलेलं, आणि इतक्या बारकाव्याच्या माणसाची इतकी मोठी चूक मी पकडलेली!

गुरुवारी गेलो. तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. राजेशम गाडीच्या चाकाला तेल देत होते. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या तेव्हा मी मास्तरी आवाजात म्हणालो, थांबा, अजून चूक काढायचीय, त्याशिवाय चहा घेता येत नाही. ग्राफपेपर थेट लेआउटवर अंथरला. म्हणालो, "राजेशम, हे वळण कुठून आणलंत? मी जाऊन आलो. तिथं रूळ सरळ आहे, झाडीबिडी काही नाही. पायवाटेवर उभं राहिलं की गाडी पार लांब असते तेव्हापासून दिसते. आंधळ्यालासुद्धा चुकायची नाही."

वहिनींनी ट्रे खाली ठेवला. कपातला एक थेंबही सांडला नाही, ते मी पाहिलं. त्यांनी राजेशमना तेलुगूत एक प्रश्न विचारला. राजेशमनी चाकावरची नजर न काढता दोन-तीन शब्दांत उत्तर दिलं. वहिनी आत गेल्या. मी माझा कप उचलला आणि प्यालोसुद्धा...

राजेशम मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आले, एरवी येत नसत. चालताना धाप लागत होती, म्हणून एका ओट्यावर बसलो. तिथं त्यांनी सांगितलं. फोटोतला मुलगा श्रीनिवास, एकुलता एक, वीस वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी त्या पायवाटेवर गाडीखाली गेला. दुसऱ्यांदा नापास झाल्याचं आदल्या दिवशी घरी कळलं होतं, आणि सकाळी वहिनी त्याला फार बोलल्या होत्या. रागात आई बोलते तसंच. पण त्यातलं शेवटचं वाक्य असं होतं, की असल्या पोरापेक्षा नसलेलं बरं. पोरानं मोबाईल उशाला ठेवला आणि निघून गेला. संध्याकाळी सहाच्या सुमाराला पोलिसांचा निरोप आला. राजेशम जाऊन जागा पाहून आले. घरी आल्यावर वहिनींनी एकच विचारलं, त्याला गाडी दिसली नाही का. राजेशम म्हणाले, तिथं वळण हाय, झाडी हाय, दिसत नाही. त्या क्षणाला तोंडातून जे निघालं ते निघालं. वहिनींना ते पटत नव्हतं. रोज रात्री उठून विचारायच्या, वळण केवढं, झाडी केवढी. त्या स्वतः कधी गेल्या नाहीत, पाय उचलत नव्हता. म्हणून राजेशमनी माग विकले आणि त्या जागेत त्यांना वळण करून दाखवलं. रोज संध्याकाळी सहाला गाडी सोडायची, ती झाडीतून एकदम यायची, आणि वहिनींना रोज एकदा दिसायचं की पोराचा इलाज नव्हता. तेव्हापासून त्या जेवायला लागल्या होत्या, विड्या वळायला लागल्या होत्या.

मी विचारलं, मघाशी वहिनींनी काय विचारलं. "सर खरं बोलतात का, म्हणून विचारली. मी सांगितलो, सर दुसऱ्याच ठिकाणी जाऊन आलेत." मग थोडं थांबून, माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुम्हीपण तेवढं एकदा सांगा की, सर."

माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या ओट्यावर बसून मी काय बोललो ते आठवत नाही. माफी मागितली असेन, नसेनही. दुसऱ्याच दिवशी पुन्हा गेलो, वहिनी विड्या वळत होत्या तिथं जाऊन उभा राहिलो आणि सांगितलं, की माझी चूक झाली, मी त्या गावाच्या पलीकडच्या मोरीपाशी गेलो होतो, तुमच्या मोरीपाशी वळण आहेच. आवाज जितका साधा ठेवता येईल तितका ठेवला. वहिनींनी मान वर केली नाही. "बरं," म्हणाल्या. मला वाटलं, निभावलं. संध्याकाळी त्या पुन्हा उंबऱ्याशी येऊन बसल्या आणि गाडी वळणातून आली तेव्हा त्यांचे हात थांबले.

त्यानंतर सगळे गुरुवार मी राजेशमकडं घालवले. का, असं विचाराल तर मैत्री म्हणून, आणि अपराधी वाटायचं म्हणूनही. दोन्हीचा हिशेब वेगळा करता येणार नाही. त्यांनी मला फणीच्या पट्टीचा रूळ करायला शिकवलं. मी त्यांना सिग्नलचा हात पडतो कसा ते शिकवलं. त्यांच्या लेआउटमध्ये मी नंतर एकही चूक काढली नाही. आमच्यातल्या बाकीच्यांना ते नवल वाटायचं, ते चिडवायचे की सरांना शेवटी गुरू भेटला. राजेशम मात्र दर थोड्या दिवसांनी झाडी वाढवत राहिले. काथ्या पिंजायचा, तारेला गुंडाळायचा, हिरवा रंग द्यायचा, आणि वळणाच्या आतल्या बाजूला आणखी एक बाभूळ लावायची. मी काही म्हणत नव्हतो, नुसती डिंकाची बाटली धरायचो. शेवटी शेवटी झाडी इतकी दाट झाली की गाडी आत गेली की डब्यांना फांद्या घासल्याचा आवाज यायचा.

एकदा त्यांनी मला सांगितलं, की ते दर महिन्याला त्या जागेवर जातात. वहिनींना सांगायचे, दवाखान्यात धापेचं औषध आणायला चाललोय. बसनं जायचे, फाट्यावर उतरून चालत जायचे आणि बांधावरच्या त्या एकुलत्या बाभळीखाली बसायचे. दोन-चार गाड्या जाऊ द्यायचे. मी विचारलं, काय बघता तिथं. म्हणाले, गाडी पहिल्यांदा दिसते तिथपासून पायवाटेपर्यंत यायला किती वेळ लागतो ते बघतो. दर वेळी वाटतं की मागच्या वेळी मोजताना चुकलो असेन, आज कमी भरेल. "भरत न्हाई, सर," एवढंच म्हणाले. मला त्यांच्याबरोबर एकदाही जाववलं नाही. चला म्हणाले असते तर गेलो असतो, अशी मी स्वतःची समजूत घालतो, पण मी येऊ का असं मीही कधी विचारलं नाही.

ह्या वर्षी त्यांचा श्वास फारच खालावला. दवाखान्यात नाकाला नळी लावली होती, तरी बोटानं खुणावून मला जवळ बोलावलं. वहिनी औषध आणायला खाली गेल्या होत्या. तेवढ्यात म्हणाले, "ती आहे तोवर वळण तसंच ठेवा." मी हो म्हणालो. हात हातात घेऊन शब्द दिला. दोन दिवसांनी तो फ्लेक्स पाहिला.

दिवस वगैरे झाल्यावर पाचव्या आठवड्यात मी पुन्हा गुरुवारी गेलो. वहिनी शेडमध्ये लेआउटपाशी बसल्या होत्या, सूप जवळ नव्हतं. मी गाडी सोडू का विचारलं. त्या म्हणाल्या, "मला तितं घेऊन चला." मी कळूनही कुठं म्हणून विचारलं. मग म्हणालो, ती जागा मला नक्की सापडायची नाही, मी मागं चुकीच्या ठिकाणी गेलो होतो, तुम्हाला माहितीये. त्या शांतपणे म्हणाल्या, "आता ते न्हाईत. तुमी न्हाई नेला तर मी रिक्षा करून जाईन. गावाचं नाव मला ठावं हाय." मी रात्रभर तळमळत होतो. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला ह्या बाईला त्या रुळावर एकटीला जाऊ देणं. दुसरं मला झेपलं नाही. इक्बालभाईंना सगळं सांगितलं. त्यांनी गल्ल्याला कुलूप लावलं. मग म्हणाले, "सर, गाडी मेरी ले चलते."

सकाळी नऊच्या सुमाराला पोचलो. इक्बालभाई रस्त्यावर गाडीपाशी थांबले. ज्वारी निघून गेलेली, रानात धसकटं, त्यातून पायवाट. वहिनी माझ्यापुढं चालत होत्या, मागं वळून वाट विचारत नव्हत्या. रुळाच्या अलीकडं दहा पावलांवर थांबल्या. डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. वळण कुठंय असं त्यांनी विचारलं नाही, आणि मी काही सांगितलं नाही. उन्हात तसेच उभे राहिलो. मग लांब, अगदी लांब, रुळावर एक ठिपका दिसला. "आली?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, आली, पण अजून लांब आहे. त्या बघत राहिल्या. ठिपका मोठा होईना. एकाच जागी थांबल्यासारखा वाटत होता. नंतर दिवा दिसला, त्यानंतर आवाज, त्यानंतर भोंगा, एकदा, दोनदा, लांबलचक. मी त्यांचा दंड धरून ठेवला होता. मालगाडी होती, डबे संपता संपेनात. ती गेल्यावर धूळ खाली बसली, आणि वहिनी म्हणाल्या, "लई येळ होता की त्याला."

मी म्हणालो, वहिनी, त्या दिवशी मी खरं बोललो ते चुकलं, आणि दुसऱ्या दिवशी खोटं बोललो... त्यांनी मला पुरं करू दिलं नाही. "तुमी दुसऱ्या दिवशी आला, माझी चूक झाली म्हनला, तवाच मला कळलं. तुमी चूक कबूल करनारा मानूस न्हवं." हे त्या हसून बोलल्या नाहीत, रागानंही नाही. इतकी वर्षं मी समजत होतो की माझं खोटं फार चांगलं वठलंय.

मग मी विचारलं, की कळलं होतं तर रोज संध्याकाळी येऊन बसत का होता. त्या म्हणाल्या, "ते तेवढं करत व्हते. झाडं लावत व्हते. मी बघितली न्हाई तर त्यांना काय वाटलं असतं?" नंतर बांधाकडं पाहत विचारलं, हे इथं यायचे का. मी होय म्हणालो, दर महिन्याला. "एकटेच?" एकटेच, मी म्हणालो. त्या बाभळीखाली बसायचे. वहिनी चालत त्या झाडापर्यंत गेल्या आणि खाली बसल्या. तिथं त्यांना रडू आलं. राजेशम गेल्यापासून पाच आठवड्यांत त्या रडल्या नव्हत्या, गल्लीतल्या बायकांना त्याची काळजी लागली होती. त्या मोठ्यानं, तेलुगूत रडत होत्या, आणि मला त्यात श्रीनिवासचं नाव ऐकू येत नव्हतं. फक्त राजेशमना त्या ज्या शब्दानं हाक मारायच्या तो शब्द येत होता, पुन्हा पुन्हा. थोड्या वेळानं मराठीत म्हणाल्या, "एक डाव तरी बोलायला पायजे व्हतं, सर. दोघं मिळून हितं येऊन बसलो असतो."

त्या दुसऱ्या दिवशी मी जाऊन खोटं बोललो नसतो, तर कदाचित त्याच संध्याकाळी ते दोघं एकमेकांशी बोलले असते. भांडले असते, रडले असते, कदाचित वहिनी अन्नपाणी सोडून बसल्या असत्या... कुणाला माहीत. पण एवढी वर्षं एक माणूस बाभळीखाली आणि एक उंबऱ्याशी, अशी काढली नसती त्यांनी. राजेशमनी मला खोटं सांगायला सांगितलं होतं हे खरं, पण ते खोटं त्यांच्या घरात जाऊन बसवलं मीच, चूक दुरुस्त करतोय अशा थाटात. ह्याला आमच्या वहीत टिपून ठेवायला जागा नाही आणि त्यावर चहाही मिळत नाही.

इक्बालभाईंनी आम्हाला परत आणून सोडलं. गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स अजून लोंबत होता, ऊन लागून फिका पडलेला. घरापाशी उतरल्यावर मी वहिनींबरोबर शेडच्या दारापर्यंत गेलो. आत लेआउट होता तसा होता. मला काहीतरी करायला हवं होतं, हातांना काम हवं होतं, म्हणून मी म्हणालो, वहिनी, रूळ मी सरळ करून देतो, चार गुरुवार लागतील, झाडीही काढतो.

वहिनींनी एकदा त्या वळणाकडं पाहिलं.

"आता कुनासाठी, सर?" त्या म्हणाल्या, आणि पाय धुवायला मोरीकडं गेल्या.